सर्जेकोटचे जुने बंदर

कोल्हापूर हे नगर सह्याद्रीच्या पूर्वेस, पंचगंगेच्या काठी वसले आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि सरस्वती या पाच प्रवाहांचे पाणी घेऊन पंचगंगा नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते आणि कृष्णा पुढे शेकडो कोस वाहत जाऊन बंगालच्या उपसागरात विलीन होते. म्हणजे कोल्हापूरचे पाणी जाते ते पूर्वेच्या समुद्राकडे. पश्चिमेचा अरबी समुद्र त्या मानाने कितीतरी जवळ आहे. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. अशा या डोंगरापलीकडच्या राज्याला एके काळी स्वतःचे बंदर होते, स्वतःचे आरमार होते, आणि त्या आरमारावर काम करणारे दर्यावर्दी लोकही होते, हे सांगितले तर आज अनेकांना नवल वाटेल.

समुद्राशी कोल्हापूरचा संबंध मात्र फार जुना आहे. नगराच्या पश्चिमेस पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तेथे १९४४च्या सुमारास माती काढताना काशाच्या जुन्या वस्तूंचा एक साठा सापडला. पुढे १९४५-४६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. गं. दीक्षित यांनी त्या ठिकाणी शास्त्रशुद्ध उत्खनन केले. सातवाहनांच्या काळातील वस्ती तेथे उजेडात आली. सापडलेल्या वस्तूंमध्ये रोमन घडणीची भांडी होती आणि पोसायडन या ग्रीक समुद्रदेवतेची एक लहानशी काशाची मूर्तीही होती. ती मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ठेवलेली आहे. भूमध्य समुद्राच्या काठचा हा जलदेव जहाजात बसून अरबी समुद्र ओलांडून आला, कोकणच्या किंवा गुजरातच्या एखाद्या बंदरात उतरला आणि तेथून डोंगर चढून पंचगंगेच्या तीरी पोहोचला, एवढे त्यावरून निश्चित समजते.

देवाची मूर्ती काही रोज येत नाही. रोज लागते ते मीठ. घाटावरच्या प्रदेशात ज्वारी पिकते, ऊस पिकतो, तंबाखू व मिरची होते. परंतु समुद्राचे मीठ तेथे मिळत नाही, नारळ-सुपारी मिळत नाही आणि मासळीही नदीत मिळेल तेवढीच. उलट कोकणात भात होते, पण ते वर्षभर पुरत नाही. गूळ आणि डाळी तर वरूनच यावयास हव्यात. या गरजेतून फोंडा, बावडा, आंबा, आंबोली अशा घाटांच्या वाटा शतकानुशतके वाहत्या राहिल्या. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे या वाटांनी चढत आणि उतरत. वर जाताना मीठ, खोबरे आणि वाळवलेली मासळी. खाली येताना गूळ, मिरची, धान्य आणि तंबाखू. सुक्या मासळीचा वास असलेल्या गोणीशेजारी गुळाची गोणी नको, म्हणून त्यांची लादणी निरनिराळ्या बैलांवर होत असली पाहिजे, यात शंका नाही!

या वाटांच्या खालच्या टोकांना बंदरे होती. उत्तरेकडे राजापूर, खारेपाटण व विजयदुर्ग, आणि दक्षिणेकडे मालवण. कोल्हापूरच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे ठरले ते मालवण. आणि मालवणच्या उत्तरेस, खाडीच्या मुखाशी असलेले त्याचे एक लहानसे उपबंदर म्हणजे सर्जेकोट.

मालवणचा किनारा दिसावयास जितका रमणीय, तितकाच परक्या नावाड्याला धोक्याचा आहे. किनाऱ्यापासून आत पाण्यात खडकांच्या रांगा पसरलेल्या आहेत. काही खडक भरतीच्या वेळी पूर्णपणे पाण्याखाली जातात व ओहोटीला वर डोकावतात. त्यांच्यामधून कोणत्या वेळी कोणत्या बाजूने होडी न्यावी, हे तेथील कोळी, गाबीत व भंडारी लोकांनाच ठाऊक. शिवाजी महाराजांनी जलदुर्गासाठी कुरटे बेटाची निवड केली ती याच कारणाने. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. बेटाची माहिती देणारे व खडकांतील वाट दाखविणारे स्थानिक मच्छीमार होते व त्यांना महाराजांनी इनामे दिली, अशी मालवणात परंपरा आहे. सिंधुदुर्गाच्या समोर किनाऱ्यालगत पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट आणि थोडे उत्तरेस सर्जेकोट, असे तीन लहान कोट त्याच्या सोबतीस बांधण्यात आले.

सिंधुदुर्गासारखा बलाढ्य किल्ला जवळ असता सर्जेकोटाची गरज का पडली? याचे उत्तर पावसाळ्यात आहे. जून महिन्यात नैर्ऋत्येचे वारे सुटले म्हणजे या किनाऱ्यावर लाटांचे थैमान सुरू होते. उघड्या समुद्रात नांगरलेले गलबत त्या लाटांत टिकत नाही. नांगराचा दोर तुटला की ते खडकावर आदळून त्याच्या फळ्या होतात. तट कितीही भक्कम असला तरी तटाबाहेरच्या पाण्याला तो शांत करू शकत नाही. म्हणून चार महिने जहाजांना खाडीत न्यावे लागते. सह्याद्रीत उगम पावून आलेली गड नदी मालवणच्या उत्तरेस समुद्राला मिळते. तिच्या मुखाच्या एका अंगाला तळाशीलची वाळूची लांब पट्टी आणि दुसऱ्या अंगाला सर्जेकोट. मोठ्या लाटा मुखाबाहेरच फुटतात. आतले पाणी मात्र त्या मानाने निवांत राहते. १६६८ मध्ये येथे कोट बांधला गेला तो या निवाऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी.

हा कोट आकाराने लहान आहे. एका बाजूला समुद्र आणि जमिनीच्या बाजूंना खंदक, अशी त्याची रचना होती. त्याला बुरूज आहेत, तटबंदी आहे, परंतु सिंधुदुर्गाप्रमाणे पाहणाऱ्याची छाती दडपावी असे त्यात काही नाही. गोठ्याच्या दाराशी राखण करणाऱ्या माणसाची खोपी जशी असावी, तसा हा कोट खाडीच्या दाराशी उभा आहे. जनावरे मोलाची, खोपी साधी.

त्या काळच्या आरमारात मुख्यतः गुराब आणि गलबत अशी दोन प्रकारची जहाजे असत. गुराब मोठी, तिला दोन किंवा तीन डोलकाठ्या असत आणि तिच्यावर तोफा चढवलेल्या असत. गलबत लहान व चपळ. वारा पडला तरी चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ते चालत असे. दोन्हींचे तळ उथळ असल्यामुळे ती खाडीत शिरू शकत. युरोपीय लोकांची मोठी जहाजे खोल पाण्याखेरीज चालत नसत. त्यांनी पाठलाग केला तरी खाडीच्या मुखाशी येऊन त्यांना थांबावे लागे. शिवाजी महाराजांच्या व पुढे मराठ्यांच्या आरमाराला बलाढ्य शत्रूंपुढे टिकाव धरता आला, त्याचे पुष्कळसे श्रेय या उथळ खाड्यांना आहे.

खाडीत नुसते जहाज नेऊन ठेवले म्हणजे काम संपत नसे. चार महिन्यांत त्याची सारी डागडुजी होई. तळाला चिकटलेले कालव-शिंपले खरवडून काढावयाचे, किड्याने पोखरलेल्या फळ्या बदलावयाच्या, सांध्यांत काथ्या व कापूस ठासून भरावयाचा, मुशीच्या म्हणजे शार्क माशाच्या तेलाने लाकूड माखावयाचे, शिडे शिवावयाची आणि दोर नवे वळावयाचे. मासेमारी होड्यांचीही हीच दशा आणि हीच दुरुस्ती. सुतार तेच, तेल तेच आणि पुष्कळ वेळा माणसेही तीच. आश्विनात आरमारावर जाणारा खलाशी वैशाखात आपल्या भावाच्या होडीवर जाळे टाकीत असे. सर्जेकोटासारखी ठिकाणे एकाच वेळी आरमाराची छावणी आणि मच्छीमारांचे बंदर असत. इतिहासग्रंथांत पहिलीचे वर्णन मिळते, दुसऱ्याचे सहसा मिळत नाही. हा थोडासा अन्यायच होय.

या विषयावरचा जुना आणि जाणता ग्रंथ योगायोगाने कोल्हापूरच्याच दरबारात लिहिला गेला. रामचंद्रपंत अमात्य हे शिवाजी महाराजांच्या काळापासून राज्याची सेवा केलेले मुत्सद्दी. गगनबावड्याची जहागीर त्यांच्या घराण्याकडे होती. म्हणजे कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावरच त्यांचे ठाणे होते. १७१५च्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या नावे त्यांनी जे ‘आज्ञापत्र’ सिद्ध केले, त्यात आरमारावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. पावसाळ्यात आरमार कोठे व कसे ठेवावे, खलाशांचे वेतन वेळेवर कसे पोहोचवावे, सागरी व्यापाऱ्यांना कसे अभय द्यावे, याचा त्यात बारकाईने विचार केला आहे. जहाजांसाठी लाकूड लागते, पण रयतेच्या आंब्या-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असे अमात्यांनी बजावले आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला आरमाराचा उपद्रव होऊ नये, ही काळजी घाटमाथ्यावर बसून लिहिणाऱ्या मुत्सद्द्याला होती, हे विशेष.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर मराठ्यांच्या राज्याच्या दोन शाखा झाल्या. एक सातारची आणि दुसरी कोल्हापूरची. १७१३ मध्ये सरखेल कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षास मिळाले आणि उत्तर कोकणचे बहुतेक आरमार सातारच्या बाजूस गेले. सिंधुदुर्ग व मालवण मात्र कोल्हापूरकडे राहिले. १७३१च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या सीमा ठरल्या. त्यात कोकणपट्टीतील साळशीपासून दक्षिणेस अंकोल्यापर्यंतचा भाग कोल्हापूरकडे आला. अशा रीतीने पंचगंगेच्या काठच्या राजधानीचा ध्वज अरबी समुद्रावर फडकू लागला. सिंधुदुर्गातील शिवाजी महाराजांच्या मंदिराची व्यवस्थाही कोल्हापूर दरबार पाहत असे.

त्या काळी समुद्रावर सत्ता गाजविणारा प्रत्येक राजा परक्या जहाजांकडून परवाना मागत असे. पोर्तुगीज मागत, सिद्दी मागत, आंग्रे मागत आणि इंग्रजही मागत. परवाना नसलेले जहाज पकडले जाई. मालवणच्या आरमारानेही तेच केले. इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत मालवणच्या दर्यावर्दींना सर्रास चाचे म्हटले आहे. स्वतःच्या परवान्यांना मात्र त्यांनी कायदा हे नाव दिले. मालवणकरांनी व्यापारी जहाजे लुटली नाहीत असे नाही, परंतु शब्दांची ही वाटणी पाहून वाचकाने सावध राहावे हे बरे.

१७६० मध्ये संभाजी महाराज निवर्तले आणि राज्याचा कारभार महाराणी जिजाबाई पाहू लागल्या. पश्चिमेस इंग्रज, पूर्वेस पेशव्यांचे सरदार, शेजारी सावंतवाडीकर, अशा कचाट्यात त्यांना राज्य सांभाळावे लागले. १७६५ मध्ये मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन यांच्या हाताखाली मुंबईहून इंग्रजांचे आरमार आले व त्यांनी सिंधुदुर्ग जिंकला. त्यांनी किल्ल्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही देऊन टाकले. पण किल्ला राखण्याचा खर्च मोठा व प्राप्ती थोडी, असा हिशेब त्यांना लवकरच उमगला. दुसऱ्याच वर्षी, १७६६ मध्ये, सुमारे पावणेचार लाख रुपयांचा भरणा आणि व्यापाऱ्यांना त्रास न देण्याची हमी घेऊन त्यांनी तो कोल्हापूरला परत केला. फोर्ट ऑगस्टस हे नाव त्या कागदांतच राहिले. मालवणात ते कुणाच्या तोंडी बसले नाही.

तंटा तेवढ्याने मिटला नाही. १७९२ मध्ये पुन्हा करार झाला व इंग्रजांना मालवणास वखार घालण्याची परवानगी मिळाली. शेवटी १८१२ मध्ये, पेशवे आणि कोल्हापूरकर यांच्यातील वादात इंग्रजांनी मध्यस्थी केली, तेव्हा त्या मध्यस्थीचे मोल त्यांनी वसूल केले. १ ऑक्टोबर १८१२च्या तहाने कोल्हापूरच्या छत्रपतींनी मालवणचे बंदर इंग्रजांच्या हवाली केले. तहात किल्ल्यांची नावे आहेत: सिंधुदुर्ग, आणि त्याच्या सोबतीचे पद्मगड, राजकोट व सर्जेकोट. तहाच्या कलमात सर्जेकोटाचे नाव येते ते असे, हातातून जाताना.

त्या दिवसापासून कोल्हापूरचे राज्य समुद्राला मुकले. आरमार मोडले. तोफा उतरल्या. शिबंदीतील लोकांची रोजी गेली. सर्जेकोटाच्या खंदकात माती भरू लागली, तटाच्या दगडांतून झाडे उगवली. ज्या गुराबांच्या राखणीसाठी कोट बांधला, त्या पुन्हा कधी खाडीत आल्या नाहीत.

होड्या मात्र येतच राहिल्या. सर्जेकोट आणि त्याला लागून असलेला मिर्याबांदा ही वस्ती मच्छीमारांची. राज्य कोणाचे आहे याची समुद्रातल्या बांगड्याला जाण नसते आणि मिरगाच्या वाऱ्यालाही नसते. पूर्वीप्रमाणेच पावसाळ्याच्या तोंडाशी होड्या खाडीत व किनाऱ्यावर ओढल्या जात, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटल्या जात.

या किनाऱ्यावरची मासेमारीची सर्वांत मोठी जुनी रीत म्हणजे रापण. रापण हे एक प्रचंड जाळे असते. ते एकट्याचे नसते व एकट्याने ओढताही येत नाही. गावातील अनेक घरांनी आपापले तुकडे आणावयाचे, ते एकमेकांस जोडावयाचे आणि मिळून जाळे करावयाचे, अशी पद्धत. पूर्वी ही जाळी ताग व कापसाच्या सुताची असत. ती वारंवार वाळवावी लागत, आणि कुजू नयेत म्हणून झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवावी लागत. पहाटे एखादा अनुभवी माणूस किनाऱ्यावर उभा राहून पाण्याकडे पाहतो. पाण्याचा रंग एके ठिकाणी गडद झाला, वर पक्षी घिरट्या घालू लागले, किंवा लाटेच्या अंगावर बारीक चकाकी दिसली, की थवा आला हे त्याला कळते. लगेच होडी निघते. जाळ्याचा एक दोर किनाऱ्यावर ठेवून ती अर्धवर्तुळ काढीत जाते, जाळे सोडीत जाते, आणि थव्याला वळसा घालून दुसरा दोर घेऊन किनाऱ्यास परत लागते. मग दोन्ही दोरांवर माणसांच्या रांगा लागतात. पाय वाळूत रोवून, एका तालात, तासन् तास ओढ चालते. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि शेवटी जाळ्याचा खोल घोळ उथळ पाण्यात येतो. कधी त्यात बांगडे, तारली व पेडवे यांची चांदी उसळते, आणि कधी शेवाळ व चार खेकडे निघतात.

मासळी निघाली म्हणजे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा. दोराला हात लावलेल्या पोराच्या हातातही दोन-चार मासे पडतात. रिकामी रापण आली तर रिकामेपणाही सर्वांच्या वाट्यास सारखाच येतो. ही व्यवस्था कोणत्याही सरकारने लिहून दिलेली नाही. तरीही राज्ये बदलली, तहनामे झाले, तेव्हा ती तशीच चालू राहिली.

किनाऱ्यावर आलेल्या मासळीचे पुढचे काम बहुतेक स्त्रियांचे. ताजी मासळी टोपलीत घालून त्या दोन-तीन कोसांच्या गावांत विकत, कित्येकदा पैशांऐवजी भात घेऊन. उरलेली मासळी मीठ लावून खारवायची किंवा उन्हात वाळवायची. इंग्रजांच्या राज्यात मिठावर कर बसला तेव्हा त्याची झळ या कामालाही लागली. मिठाशिवाय बांगडा टिकत नाही. याच किनाऱ्यावर, दक्षिणेस शिरोड्याला, १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा मिठाचे मोल कोकणच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. असे हे खारे बांगडे, सुका जवळा व सोडे घाटवाटेने कोल्हापूरच्या बाजारात जात. पावसाळ्यात भाजी महाग झाली म्हणजे घाटावरच्या कित्येक घरांत भाकरीबरोबर हाच आधार असे. राज्याचा समुद्राशी संबंध १८१२ मध्ये तुटला, स्वयंपाकघराचा तुटला नाही.

वाहतूक मात्र बदलत गेली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली. घाटावरचा जो माल पूर्वी डोंगर उतरून, गलबतात चढून मुंबईस जात असे, तो आता आगगाडीने जाऊ लागला. कोकणची लहान बंदरे त्यामुळे ओस पडू लागली. शिडाची जहाजे कमी झाली, आगबोटी आल्या. पुढे मोटारी धावू लागल्या आणि आगबोटीही बंद पडल्या. व्यापाराच्या बंदरांची ही स्थिती झाली, तेव्हा मासळीची बंदरे तेवढी जिवंत राहिली. कारण मासळी आगगाडीने येत नाही, ती समुद्रातूनच आणावी लागते.

स्वातंत्र्यानंतर मासेमारीत इंजिन आले. १९५३ मध्ये केरळात नॉर्वेच्या साहाय्याने यांत्रिक होड्यांचा प्रयोग सुरू झाला व तेथून ती लाट साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. तागाच्या व सुताच्या जाळ्यांची जागा नायलॉनने घेतली. बर्फाचे कारखाने निघाले. सर्जेकोटच्या खाडीत वल्ह्यांच्या होड्यांशेजारी इंजिनाच्या नौका उभ्या राहू लागल्या. खोल समुद्रात जाणे सोपे झाले, वादळाच्या आधी परत येणेही सोपे झाले, आणि पुष्कळ घरांत पैसा आला. परंतु याच सुधारणेने एक नवा तंटाही आणला. तळ खरवडीत जाणारी ट्रॉलरची जाळी आणि संपूर्ण थवाच वेढून टाकणारी पर्ससीन जाळी किनाऱ्याजवळ फिरू लागली, तशी रापण रिकामी येऊ लागली. रापणकर किनाऱ्यावरून थव्याची वाट पाहतो. थवा वाटेतच उचलला गेला तर त्याने काय ओढावे? १९८१ मध्ये महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा झाला व किनाऱ्यालगतचे उथळ पाणी पारंपरिक मच्छीमारांसाठी राखले गेले. २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांची संख्या, क्षेत्र व हंगाम यांवर मर्यादा घालण्यात आल्या, आणि २०२१ मध्ये मूळ कायद्यातील दंड अधिक कडक करण्यात आले. नियम कागदावर आले तरी रात्रीच्या अंधारात समुद्रावर पहारा ठेवणे कठीण असते. मालवणच्या किनाऱ्यावर या प्रश्नावरून कितीदा तरी आंदोलने झाली आहेत. यात दोन्हीकडे माणसे पोटासाठीच झगडतात, आणि कधी कधी दोन्ही बाजूंचे लोक एकाच गावचे असतात.

१९८१च्याच मे महिन्याच्या पहिल्या दिवशी रत्नागिरी जिल्ह्यातून दक्षिणेचा भाग वेगळा करून नवा जिल्हा झाला. त्याला सिंधुदुर्ग हे नाव मिळाले. २०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्यांत कोल्हापूरजवळचा पन्हाळा आहे आणि मालवणचा सिंधुदुर्गही आहे. सर्जेकोटाचे नाव त्या यादीत नाही. मालवणास येणारे हजारो प्रवासी होडीत बसून सिंधुदुर्ग पाहतात व परत जातात. खाडीच्या मुखाकडे वळणारे थोडेच.

सर्जेकोट हे आजही मासेमारीचे बंदर आहे. कोटाचे जे काम शिवाजी महाराजांच्या काळी होते, त्यातले निम्मे अजून चालू आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते नावाच्या चक्रीवादळाने सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला झोडपून काढले, झाडे उन्मळली, छपरे उडाली. अशा वादळाची सूचना मिळाली की मालवणच्या उघड्या किनाऱ्यावरील नौका निवाऱ्याची खाडी शोधतात. सूचना आता आकाशवाणीवरून व भ्रमणध्वनीवरून येते. खाडी तीच आहे. जून उजाडताच यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद होते आणि नौका ओळीने विसावतात. मग खरवडणे, भेगा भरणे, रंग देणे आणि जाळी शिवणे सुरू होते. जाळे शिवणारा मनुष्य पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून बसतो व बोलता बोलता गाठी मारीत जातो.

हंगाम सुरू झाला म्हणजे दुपारी नौका धक्क्याला लागतात. सुरमई, बांगडा, सरंगा, कोळंबी यांचे लिलाव पुकारले जातात. मासळी बर्फाच्या पेट्यांत भरली जाते, पेट्या गाडीत चढतात आणि गाडी कणकवलीवरून घाटाच्या रस्त्याला लागते. कोणी फोंड्याने जातो, कोणी करूळच्या घाटाने गगनबावड्यास चढतो. रामचंद्रपंतांच्या जहागिरीच्या गावावरून रात्री ही गाडी पुढे जाते, तेव्हा बर्फ वितळून तिच्या मागे रस्त्यावर खाऱ्या पाण्याची ओळ उमटत असते. उजाडता उजाडता ती कोल्हापूरच्या मासळीबाजारात उभी राहते आणि पेट्या खाली उतरू लागतात.